दोऱ्याचं दुसरं टोक

बायको गेल्याची बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली, आणि मी घरातच होतो. शेजारची मंदा मागच्या दाराने धावत मधल्या खोलीत शिरली, तिच्यामागून आणखी दोघी आल्या, रडारड सुरू झाली... आणि मी ओसरीत रस्त्याकडे तोंड करून फुगून बसलेला. कुणीतरी खांदा हलवला तेव्हा मी वळलो. इंदूला जाऊन दीड महिना झाला. लिहायचं धाडस आत्ता होतंय.

परतवाडा रस्त्याला आमची झेंडू-शेवंतीची वाडी आहे. हार आम्ही घरीच करायचो. लग्नाच्या मांडवाची लांब माळ असली की एकाच दोऱ्याला दोन्ही टोकांनी फुलं ओवायची. मी ओसरीत, ती मधल्या खोलीत फुलांच्या ढिगापाशी. दहाएक वर्षांपूर्वी माझे कान जायला लागले. मी कबूल करेना. "लोकच हळू बोलून राह्यले," असं छातीठोकपणे सांगायचो. इंदूने वाद न घालता उपाय काढला. दोऱ्याला एक हिसका म्हणजे इकडे बघा, दोन म्हणजे चहा, तीन म्हणजे दारात कुणी आलंय. याला न सांगता कसं कळतं, म्हणून गिऱ्हाइकं चकित व्हायची आणि मी मिशीत हसायचो. माझं बहिरेपण तिने असं वर्षानुवर्षं झाकलं, आणि मी ते हक्काचं समजून बसलो.

अकोल्याच्या मुलीने, वर्षाने, कानाचं मशीन आणून दिलं. त्यातून कुकरची शिट्टी आणि भांडीच तेवढी डोक्यात घुसायची, म्हणून ते खिशात राहायचं. ऐकू आलं नाही की मी मान डोलवायचो. "हो, हो." इतक्या वेळा हो म्हणायला लागलो की नवरा म्हातारपणी सुधारला असं तिला वाटायला हवं होतं. तिला मात्र धास्ती वाटायला लागली. एकदा अकोल्याहून येताना एसटीत तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "उद्या मी नसली त तुमाले कोन सांगन हो?" मी हसलो. ते हसणं आता मला सहन होत नाही.

त्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी पाठमोरी काहीतरी बोलली. मी "हो, हो" म्हटलं. ती वळली. "काय सांगतलं मी?" मग आमचं वाजलं. "मशीन काहून नाही घालत तुमी? भिताडासंग बोलून राह्यली का मी?" पण मांडववाला माळ न्यायला येणार होता, काम थांबवून चालणार नव्हतं. आपापल्या जागी जाऊन आम्ही मुकाट्याने ओवायला बसलो. थोड्या वेळाने दोऱ्याला हिसका बसला. मला वाटलं, बाईसाहेबांना भांडणाचा उरलेला भाग पुरा करायचाय. मी सुई काढली, माझं टोक खाटेच्या पायाला घट्ट बांधलं आणि पेपर उघडला... त्यानंतर तिने किती वेळा ओढला, मला माहीत नाही.

तेरावं झाल्यावर वर्षा माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, सकाळी आईचा फोन आलता. छातीत भरून येऊन राह्यलं म्हने. मी म्हटलं, बाबाले सांग. त म्हने, एकदा सांगतलं, आता दुसऱ्यानं नाही सांगत." पण तिने दुसऱ्यांदा सांगितलं होतं. राग गिळून सांगितलं होतं, आणि मी ते खाटेला ऐकवलं.

आता उठल्याबरोबर मी मशीन घालतो. कुकर, भांडी, गाड्या, सगळं ऐकतो. मधल्या खोलीत तिचं गोणपाट अजून अंथरलेलं आहे, ते उचलायला माझा हात होत नाही. त्या खोलीपलीकडे मंदाचं स्वयंपाकघर आहे, मध्ये एकच भिंत. रोज ती डबा आणते. परवा मी धीर करून विचारलं, "मंदा, त्या दिवशी तू धावत काहून आली वं? इंदूनं आवाज देल्ला होता का?"

"नाही काका. मी सहजच आलती."

शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. पण मी इतकी वर्षं माणसांच्या तोंडाकडे बघूनच काय ते समजून घेत आलोय, आणि तिने तोंड फिरवलेलं होतं.

"इकडे पाहून सांग," मी म्हटलं.

तिने डबा ओट्यावर ठेवला. "पोळ्या गरम हायेत, खाऊन घ्या," एवढं बोलून ती पाठमोरीच निघून गेली.