वर सोडलेल्या सळया

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सरस्वतीवहिनीचं नाव घेईन. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो, वडील त्याआधीच गेले होते. दादाचं नुकतंच लग्न झालं होतं. मयेहून पेडणे तालुक्यातल्या आमच्या हळर्णला नांदायला आलेल्या त्या मुलीला नवऱ्याबरोबर एक दीरही सांभाळायला मिळाला. दादा डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर वहिनीने वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या शेतीत, मिरची लावली, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसून ती विकली आणि मला बी.एस्सी. होईपर्यंत शिकवलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला.

मी निघालो त्या दिवशी ती दाबोळीच्या विमानतळापर्यंत आली नाही. व्हॅनमध्ये जागा होती, तरी आली नाही. अंगणात उभी राहून तिने माझ्या बॅगेत आमसोलांची पुडी कोंबली आणि विचारलं, "थंय पाऊस पडता?"

"पडता."

"मगे घर बरां बघून घी."

बस्स, एवढंच. वडील पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले, त्या आधारावर मी पोर्तुगालचा पासपोर्ट काढला होता आणि भारताचा परत केला होता. त्या पासपोर्टावर मी इंग्लंडात स्विंडनला आलो. आमच्याकडचे कितीतरी जण असेच आले आहेत. हे लिहिताना ते माझ्या डोळ्यांपुढे आहेत. आधी गोदामात खोकी उचलली, आता ब्रेडच्या कारखान्यात क्वालिटीच्या विभागात आहे. गावात पहाटे सायकलवरून पोदेर पाव घेऊन यायचा, त्याच्या भोंप्याने मी उठायचो. आता हजारो पाव माझ्यासमोरून पट्ट्यावर सरकत जातात आणि मी त्यांचं तापमान तपासतो. बायको सायली डिचोलीची, इथे वृद्धाश्रमात नोकरी करते. मुलगी इरा इथेच जन्मली.

दादा गेला आणि घराचा प्रश्न उभा राहिला. आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं, कौलारू. दर मे महिन्यात दादा वर चढून कौलं परतायचा. तो गेल्यावर वर चढणारं कुणी उरलं नाही. गावातले कामाचे हात मोरजीला हॉटेलं बांधायला जातात. वर माकडं येऊन कौलं फोडतात. एका पावसात मागची भिंत बसली. वहिनी फोनवर म्हणाली, "आता सपाट घालूया. स्लॅब. माकडां नकोत आणि कौलां नकोत."

मला हसू आलं होतं. मी साहेबाच्या देशात कौलारू छपराखाली राहतो. आमच्या गल्लीतली झाडून सगळी घरं उतरत्या छपरांची. आणि हळर्णला, जिथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, तिथे आम्ही सपाट छप्पर घालायला निघालो होतो. पण आता सगळ्या गोव्यात हेच चाललं आहे. स्लॅब म्हणजे घर सुधारलं.

मग सुरू झाली निवडानिवड. मी इथून, ती तिथून. चिरे सिंधुदुर्गातून आणायचे हे ठरलेलंच. नदीची वाळू मिळेना, म्हणून दगड भरडून केलेली वाळू घ्यायची की नाही यावर आमची बरीच खडाजंगी झाली. "ती पिठासारखी दिसता. घर बांधतलंव की भाकरी भाजतलंव?" असं तिचं म्हणणं. मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सिमेंटचे प्रकार वाचत बसायचो. सोबतचा पोलिश माणूस विचारायचा, परीक्षा आहे का?

कंत्राटदार दोन होते. एक दोडामार्गचा. तो रोज मला व्हिडिओ पाठवायचा, त्यावर संगीत असायचं. दुसरा बेळगावकडचा मल्लाप्पा. त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं, बोलणंही तुटक. माझं मन दोडामार्गवाल्याकडे. वहिनी म्हणाली, "फोनार काय समाजता? घर बघूक होया." ती बस पकडून मयेला गेली. तिच्या माहेरच्या वाड्यावर मल्लाप्पाने एक घर बांधलं होतं. तिथल्या बाईला तिने विचारलं, गळता? बाई म्हणाली, थोडां गळता, पण बोलावलो की येता. तेवढ्यावर वहिनीचं मत झालं. तरी ती तिथे थांबली नाही. देवळात जाऊन तिने कौल लावला. आमच्याकडे मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. मल्लाप्पाला उजवी पडली. दोडामार्गवाल्याला मी कळवलं, तेव्हा त्याने शेवटचा एक व्हिडिओ पाठवला. त्याला संगीत नव्हतं.

मल्लाप्पाने काम चांगलं केलं, हे आधीच सांगतो. पाया भरला, चिऱ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, कॉलम वर आले. पावसाआधी स्लॅब भरायचा म्हणून त्याची माणसं घाईत होती. सेंट्रिंगच्या फळ्या ठोकून झाल्यावर त्याने मला व्हिडिओ कॉल केला.

"साहेब, कॉलमच्या सळया वर सोडू का कापू? पुढे वर मजला करणार असाल तर सोडतो. नसेल तर इथंच बंद करतो."

मी काही बोलायच्या आत मागून वहिनीचा आवाज आला. "सोड, सोड! बरी लांब सोड. तो वयर माळो बांधतलो."

मल्लाप्पा हसला. "बाई इंजिनियर झाल्या, साहेब."

मीही हसलो आणि म्हणालो, सोडा. तेव्हा मला खरंच वाटत होतं, काही वर्षांनी परत जायचं, वर दोन खोल्या बांधायच्या. बाहेर गेलेल्या कुणाला विचारा, तो हेच सांगेल. प्रत्येकाच्या गावच्या घरावर अशा चार सळया आभाळाकडे बघत असतात.

पहिल्याच पावसात वहिनीच्या खाटेवर पाणी उतरलं. मल्लाप्पा बोलावल्यासरशी आला, वर गळती रोखणाऱ्या औषधाचा थर देऊन गेला. पुढच्या पावसात पुन्हा तेच. सळया जिथून वर निघतात तिथे फट राहते, पाणी त्या फटीतून गंज घेऊन खाली येतं. भिंतीवर तांबडे ओघळ. वहिनीने सळयांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, वाऱ्याने फाटल्या, तिने पुन्हा बांधल्या. गेल्या श्रावणात तिला दमा लागला. घरात ओल, अंथरुणात ओल. शेजारच्यांनी तिला इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, कोरड्या जागेत ठेवा, नाहीतर पुढचा पाऊस हिला जड जाईल.

उपाय सगळ्या वाड्याला ठाऊक आहे. सळया कापायच्या, कॉलमची डोकी बंद करायची आणि स्लॅबवर उतरते पत्रे घालायचे. गोव्यात आता प्रत्येक सपाट घराने अशी पत्र्याची टोपी घातली आहे. मी पत्रेवाला ठरवला. तिने त्याला चहा पाजला, बरोबर दोन नारळ दिले आणि परत पाठवला. मी दुसरा ठरवला. त्याला तिने दारातूनच वाटेला लावला.

"वहिनी, असं का करतेस?"

"पत्रे घातलंय तर तुझो माळो खंय करतलंस? परत मोडतलंस?"

"मजल्याचं राहू दे. आधी तू बरी हो."

"माका काय जाता? आता विमान आमच्याच पेडण्यात येता. मी वयर जावन बघतंय. तुका येवक किती सोपा झाला."

मोपाचा विमानतळ झाल्यापासून ती संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसते. येणारं प्रत्येक विमान बघते. शेजारची शेवंती सांगते, काकी त्या सळयांत मोडो, खारवलेली मासळी, वाळत घालते आणि म्हणते, हे आमच्या बाबूच्या हॉलात. बाबू म्हणजे मी, आणि हॉल त्या न बांधलेल्या मजल्यावरचा.

मी एकदा धीर करून बोलायला लागलो. म्हटलं, वहिनी, मला वाटत नाही आमचं राहायला येणं होईल. ती म्हणाली, "आयकूक येणा." पुन्हा सांगितलं. "लाईन बरी नाय रे." मग अगदी स्वच्छ आवाजात: "मी देवाक विचारलंय. उजवो दिल्यान."

"कधी विचारलंस?"

"कंत्राटदाराचो कौल लायलो तेवाच. एका फेऱ्यात दोन गजाली विचारल्यो. मल्लाप्पाक काम दिवचा काय, आणि बाबू परत येतलो काय. दोनय उजवे."

पत्रेवाल्याशी भांडता येतं, मल्लाप्पाला रागावता येतं. देवाने दिलेला शब्द मी कसा मोडू? इरा इथल्या शाळेत रमली आहे. तिला मराठी समजतं, बोलता येत नाही. सायलीची नोकरी पक्की आहे. आम्ही इथे घर घेतलं आहे. रजेत गावी गेलो की चार दिवसांत माझ्याच मनात परतीची ओढ लागते, आणि ती कुठल्या दिशेची हे ओळखताना मला लाज वाटते. मी परत जाणार नाही. हे मला पक्कं कळलं त्या दिवशी मी कारखान्यात पट्ट्यापाशी उभा होतो. पाव जात राहिले, मला आकडे लिहिणं सुचलं नाही.

आता एप्रिल सरत आला आहे. पाऊस काही माझ्यासाठी थांबणार नाही. फोनवर तिला ऐकू येत नाही, पण मयेच्या मराठी शाळेत ती चौथीपर्यंत शिकली आहे आणि आलेलं पत्र वाचल्याशिवाय ठेवत नाही. म्हणून मी लिहिलं. तेच इथे देतो.

तीर्थरूप वहिनीस,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र बसून वाच. वाचून झाल्यावर शेवंतीला सांगायचं तर सांग, नाही सांगितलंस तरी चालेल.

मी राहायला परत येणार नाही. सायली नाही, इरा नाही. वर मजला होणार नाही. फोनवर तू मला हे बोलू दिलं नाहीस, आणि मीही तुला ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोललो नाही.

देव खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण देवळात जायच्या आधी तू मला विचारलं असतंस तर मीही तेव्हा होच म्हटलं असतं. देवाला आणि मला, दोघांनाही तुला नाही म्हणवलं नाही, असं समज.

सळया काप. पत्रे घाल. मल्लाप्पाशी बोललो आहे, तो माणसं घेऊन यायला तयार आहे. पण तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय सळईला हात लावू नकोस, असं मी त्याला बजावलं आहे. घर तुझं आहे. माझ्या शब्दावर तुझ्या डोक्यावरचं काही कापलं जावं, असं मला नको.

रजेत आम्ही येऊ. तुझ्या खाटेशेजारी चटई घालून झोपू. इराला तुझं बोलणं कळतं. ती उत्तर इंग्रजीत देईल, तू रागावू नकोस.

मला आता गावी घर आहे की नाही, हे मला कुणी विचारत नाही. मीच विचारतो. तू कोरड्या जागेत झोपली आहेस एवढं कळलं, तर आहे असं मी म्हणेन. माझी दुसरी काही मागणी नाही.

मल्लाप्पा सोमवारी सकाळी येईल. त्याला चहा दे, नारळ दे, पण परत पाठवू नको. तो विचारेल, कापू का? हो म्हण, वहिनी.

तुझा,
बाबू