लुक्शाने केलेल्या अकरा खुर्च्या

आमच्या बेटावर लुक्शा बोटी बांधायचा. हात सोन्याचा, तोंड फाटकं. अडुसष्टाव्या वर्षी कंबरेने दगा दिला, तेव्हा त्याने हत्यारं खुंटीला लावली आणि दिवसभर दारातल्या अंजिराखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवू लागला.

त्याच वर्षी मासळीच्या कारखान्यातल्या बायकांनी भांडून मुलांसाठी बालवाडी मिळवली. जागा म्हणजे कारखान्याची जुनी कचेरी. बाकं बोटीने आली ती मोठ्या मुलांची. बसलं की पोरांची हनुवटी टेबलाला टेकायची आणि पाय हवेत लोंबायचे. झोर्का नावाची नवी बाई, वय तेवीस, सरळ अंजिराखाली जाऊन उभी राहिली.

"लुक्शाकाका, अकरा खुर्च्या हव्यात. दोन टेबलं, आणि मुलांचा हात पोचेल अशी एक मांडणी."

"मी बोटी बांधतो. खेळणी नाही."

आतून त्याची बायको पेरिना ओरडली, "कुणाला सांगतेस, पोरी! चाळीस वर्षं म्हणतेय, फळी जरा खाली घे. अजून खोक्यावर चढून मीठ काढतेय मी!"

हे मात्र झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लुक्शा दोरी घेऊन बालवाडीत हजर! गुडघे टेकून त्याने एकेका पोराचं टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि दोरीला गाठी मारल्या. पोरं गुदगुल्यांनी लोळत होती. सगळ्यांत धाकटी दिन्का त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "तुझ्या कानात केस का आहेत?"

"वारा आत शिरू नये म्हणून. पाय सरळ ठेव."

महिनाभरात तुतीच्या लाकडाच्या अकरा खुर्च्या झाल्या, ज्याच्या त्याच्या मापाच्या. कोपरे असे घासलेले की गाल लावून झोपावं. वरून त्याने बोटीला लावतात ते रोगण फासलं. नेमका दक्षिणेचा दमट वारा सुटला आणि चार दिवस हटेना. रोगण वाळलं नव्हतं, पण हे कबूल करेल तो लुक्शा कसला!

उद्घाटनाला नगराध्यक्ष आले. कारखान्यातल्या आया एप्रनसकट धावत आल्या. भाषण संपलं, झोर्का म्हणाली, "चला, उभे राहा, गाणं म्हणूया."

अकराही मुलं खुर्च्यांसकट उभी राहिली.

बायका पोट धरून हसल्या. लुक्शाचा चेहरा लालबुंद. पन्नास वर्षांत त्याच्या कामाला कुणी हसलं नव्हतं. तो दाराकडे वळला, तेवढ्यात खुर्ची मागे मिरवत दिन्का आडवी आली.

"ही आता घरी न्यायची का?"

लुक्शाने तिच्याकडे पाहिलं आणि तो हसू लागला. खोकला येईपर्यंत हसला. पेरिनासुद्धा बघतच राहिली.

मग जमिनीवर बसून तो एकेका पोराला सोडवू लागला. बसल्या बसल्या त्याची नजर खिडकीकडे गेली.

"तुम्हाला इथून काय दिसतं रे?"

"आभाळ," दिन्का म्हणाली.

"आणि आया कुठे असतात?"

तिने खिडकीखालच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "तिकडे. आत."

खुर्च्या तासून, पुन्हा रंगवून, नीट वाळवून त्याने आठवड्याने परत आणल्या. सोबत एक लाकडी चौथरा आणला आणि खिडकीखाली ठोकला, तीन पायऱ्या, पुढे कठडा. दोनचा भोंगा झाला की मुलं वर चढायची. काचेला अकरा नाकं चिकटायची आणि कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या बायका तिथूनच हात हलवायच्या. त्याआधी दुपारी रोज रडणारी दोघंतिघं होती, ती त्या हिवाळ्यात रडायची थांबली.

पुढे नऊ वर्षं, दर सप्टेंबरात, लुक्शा नव्या पोरांची मापं घ्यायला यायचा. शेवटी शेवटी तो खाली बसला की त्याला उठता येईना. मग सगळी मुलं त्याचे दंड धरून ओढायची आणि तो ओरडायचा, "अरे हळू, माकडांनो, हात उपटाल!"

तरी तो स्टूल घ्यायचा नाही. खालीच बसायचा.