खणताना बोलायचं नाही

जोथम पेक रस्त्याने निघाला की दिसेल त्याला सावध करत जायचा. "पायरी ओली आहे, बाई." "घोड्याच्या मागून जाऊ नका." एकदा तर भर प्रार्थनेत ओरडला, की पुढच्या बाकावरच्या म्हातारीची शाल शेगडीला लागते आहे. शाल शेगडीपासून चांगली हातभर दूर होती. पोरं त्याची नक्कल करत. मीही हसले आहे.

तरुणपणी तो फार अबोल होता. माझ्या अंगणात विहिरीची जागा दाखवायला आला, तेव्हा दिवसभरात दोनच शब्द बोलला. हेझलच्या झाडाची बेचकी, म्हणजे दुफाटी फांदी, दोन्ही मुठींत धरून तो चालत राहिला, एका जागी तिचं टोक झुकलं आणि तो म्हणाला, "इथे खणा." सव्वीस फुटांवर पाणी लागलं. मी मॉन्ट्रियलला नन्सच्या शाळेत शिकलेली. असल्या गोष्टी पाप, असं मनावर ठसलेलं. पाणी मात्र गोड होतं.

१८०२ साली आमच्या व्हरमाँटच्या खोऱ्यात बीच नावाचा एक उपदेशक आला. ही बेचकी म्हणजे बायबलातली अहरोनाची चमत्कारी काठी, देव तिच्यातून हो किंवा नाही सांगतो, असं तो म्हणे. तीस-चाळीस माणसं त्याच्या नादी लागली, जोथमही. त्यांना मंदिर बांधायचं होतं, आणि त्यासाठी लागणारं सोनं प्राचीन लोकांनी टेकडीत पुरून ठेवलंय, असं बेचकीने सांगितलं. नियम एकच: खणताना कोणी शब्द काढला, तर सोन्याची पेटी आणखी खोल जाते.

सहा आठवडे खणणं चाललं. तेवीस एप्रिलच्या सकाळी जोथम खड्ड्याच्या काठावर उभा होता. खाली आसेल, त्याच्या थोरल्या बहिणीचा, मेहिटेबलचा नवरा. खड्ड्याची बाजू ढासळली. आसेलला वर काढलं तेव्हा त्याच्यात प्राण नव्हता.

"अचानक झालं," जोथमने सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या विहिरीपाशी बसून त्याने मला खरं ते सांगितलं. भेग आधीच दिसली होती. हाक मारायला तोंड उघडलं आणि नियम आठवला. मग त्याने नुसता हात हलवला. आसेल खाली बघत होता.

"ताईला सांगू नका," तो म्हणाला.

मी सांगितलं नाही. रोजनिशीत लिहून ठेवलं. बीच त्याच आठवड्यात निघून गेला. जोथमचं सावध करणं तेव्हापासूनचं.

एकोणतीस वर्षांनी मेहिटेबल गाडी भरू लागली. पलीकडे न्यूयॉर्क राज्यात एका टेकडीतून सोन्याच्या पानांचं पुस्तक निघालं, असं मानणाऱ्या मंडळींबरोबर ती ओहायोला चालली होती. मी तिची भांडी चिंध्यांत गुंडाळत होते. जोथम आला.

"चल की तूही," ती म्हणाली. "का ओहायोतल्या खड्ड्यांची यादी आधी हवी तुला?"

तो हसला नाही. "ताई, मला भेग दिसली होती. आसेलच्या डोक्यावर. मी बोललो नाही."

तिने हातातली ताटली खाली ठेवली. मला वाटलं, आता ती त्याला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "बोलला असतास तर पेटी गेली असती. आसेललाही ते खपलं नसतं." तिने त्याच्या गालावर हात ठेवला. "आपलं काही चुकलं नव्हतं, जोथम. फक्त टेकडी चुकली."

गाडी उताराला लागली तेव्हा तो माझ्याशेजारी फाटकापाशी उभा होता. डावं चाक आसावर डुलत होतं. मलासुद्धा दिसत होतं. त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

शेवटी मीच ओरडले, "मेहिटेबल, चाक बघ!"

तिने गाडी थांबवली, उतरून खीळ ठोकली आणि ती गेली. जोथम मात्र तसाच उभा होता.