काऊबॉयच्या सिनेमाला आम्ही दोनदा गेलो

राज्य नवीन झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. रायपुरात आमचं ऑफिस तेव्हा भाड्याच्या एका बंगल्यात होतं. भोपाळहून ट्रक भरभरून फायली आल्या होत्या आणि ठेवायला कपाटं नव्हती. न्हाणीघरातल्या टबातसुद्धा फायली रचलेल्या. मी तिथे क्लार्क होते. माहेर गोंदियाचं, सासर इथल्याच तात्यापाऱ्यातलं, जुन्या मराठी वस्तीतलं. घरात मले-तुले, आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की हिंदी.

माझ्या समोरच्या टेबलावर जगदलपूरहून बदली होऊन आलेली स्टेनो बसायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. गोंड घरातली, गाव बस्तरकडे, कांकेरच्या पुढे. तिच्या गावात हलबीही बोलत, आणि हलबीत मराठीसारखे शब्द पुष्कळ. मी फोनवर घरच्यांशी बोलले की तिला अर्धंअधिक कळायचं, आणि फोन ठेवल्यावर ती विचारायची, "आज भाजी जळली का, ताई?" ताई म्हणायला ती माझ्याच घरी शिकली. आमचं आपसातलं बोलणं हिंदीतच व्हायचं, पण तिचं म्हणणं मी इथे माझ्या भाषेत लिहिते आहे.

एका शनिवारी साहेब दौऱ्यावर होते, काम नव्हतं. आम्ही दोघी दुपारच्या खेळाला निघालो. जो सिनेमा पाहायचा होता त्याची खिडकी बंद झाली होती. शेजारच्या टॉकीजमध्ये एक परदेशी, हिंदीत डब केलेला सिनेमा लागला होता. पोस्टरवर घोडा, पिस्तूल आणि ढगांसारखा धूर. ती म्हणाली, "आता घरी काय जायचं? हाच पाहू."

सिनेमा अगदी स्वस्तातला होता, हे पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. गाव म्हणजे चार लाकडी दारं. वारा आला की मागची भिंत हलायची. तेच सहा घोडेस्वार एकदा डावीकडून यायचे, एकदा उजवीकडून. एक मिशीवाला आधी मेला आणि नंतर पुन्हा गोळी खायला हजर झाला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "भैया, तुम तो मर गए थे," आणि सगळं टॉकीज हसलं. आम्हीही हसलो. खरं सांगायचं तर मजा येत होती.

मग टेकडीवर ते लोक आले. डोक्यात पिसं, तोंडावर रंगाचे पट्टे. गोऱ्याच नटांना तांबडा रंग फासलेला, तोही मनगटापर्यंतच. ते नीट बोलत नव्हते, नुसते चीत्कारत होते. नायक आपल्या सोबत्याला म्हणाला, "इन इंडियनों पर कभी भरोसा मत करना," आणि बाल्कनीतून शिट्टी वाजली. इंडियन म्हणजे कोण, हे त्या घटकेला आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. पोरं तोंडावर हात मारून हू-हू करायला लागली. तेवढ्यात आमच्या मागच्या रांगेतला एक माणूस मोठ्याने म्हणाला, "अरे, ये तो अपने बस्तर वाले हैं!"

टॉकीज पुन्हा हसलं. मीही हसले.

हसू अर्ध्यावर आलं तेव्हा शेजारी कोण बसलंय ते आठवलं. मी मान वळवली नाही. पडद्यावर काय चाललंय ते दिसत होतं, कळत नव्हतं. मध्यंतरात मी दोन समोसे आणले. तिने एक घेतला, खाल्ला, कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. नेहमीसारखी बोलत होती. ते नेहमीसारखं बोलणंच मला जड जायला लागलं.

सिनेमा सुटल्यावर आम्ही पायी निघालो. बरंच चालून झाल्यावर मी म्हटलं, "तो मागचा माणूस फार वाईट बोलला."

"हव," ती म्हणाली.

"मी हसले," मी म्हटलं. "तुझ्या लक्षात आलं असेल."

ती म्हणाली, "मीपण हसले, ताई. तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाही, म्हणून तुम्हाला माहीत नाही."

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"सगळे हसत असताना एकटीने न हसता बसलं तर लोक वळून बघतात," ती म्हणाली. "हॉस्टेलात होते तेव्हापासूनची सवय आहे. त्या माणसाचा राग आला नाही मला. माझाच आला."

मी तिला पुण्यातल्या एका लग्नाची गोष्ट सांगितली. नवऱ्याच्या मावसबहिणीचं लग्न होतं. पंगतीत मी "मले वरण नको" म्हटलं, तर तिथल्या बायकांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी दोघींना बोलावून आणलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा म्हणायला लावलं. मीही हसत हसत तीनदा म्हणून दाखवलं. घरी आल्यावर मात्र कितीतरी दिवस त्या हसण्याची आठवण काट्यासारखी सलत राहिली.

तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "वाईटच वाटणार. पण ताई, लग्न संपल्यावर तुम्ही आपल्या घरी परत आलात."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी माझं दुःख तिच्या दुःखाशेजारी नेऊन ठेवलं होतं, दोन्ही सारखीच म्हणून. आणि तिने माझं हलक्या हाताने उचलून परत दिलं होतं.

मंगळवारी ती म्हणाली, "उद्या सुट्टी आहे. मी तो सिनेमा परत पाहणार आहे. येता का?"

"तोच? काहून?"

तिची धाकटी बहीण रायपुरातच, आदिवासी मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची. त्या मुलींना कधीचं टॉकीज पाहायचं होतं, आणि वॉर्डनबाईंनी परवानगी दिली होती. "दुसरा दाखव की," मी म्हटलं. "हा कशाला?"

"तिथे आमच्यातली मी एकटीच होते, म्हणून हसले. आता एकटी नाही जाणार."

बुधवारी दुपारी टॉकीजसमोर चौदा मुली दोन-दोनच्या रांगेत उभ्या होत्या. तेल लावून वेण्या घट्ट घातलेल्या, सगळ्यांच्या एकसारख्या निळ्या ओढण्या. आम्ही एक अख्खी रांग भरून बसलो. मला भीती वाटत होती. पुन्हा कोणी तसंच ओरडलं तर या मुलींच्या तोंडाकडे मी कशी बघू?

टेकडीवर पिसांवाले आले. बाल्कनीतून हू-हू सुरू झालं. आणि आमच्या रांगेतून टाळ्या वाजल्या.

कोणी ठरवलं नव्हतं. निदान मला तरी कोणी सांगितलं नव्हतं. सर्वात थोरल्या मुलीने सुरुवात केली आणि बाकीच्यांनी उचलून धरलं. टेकडीवरून बाण सुटला, टोपीवाला घोड्यावरून पडला, की चौदाजणी टाळ्या वाजवायच्या. नायक दिसला की गप्प. मागची माणसं आधी चिडली. "अरे, उलटी तरफ ताली मार रही हैं," कोणीतरी म्हणालं. गेटकीपर टॉर्च घेऊन आला आणि आमच्या रांगेवर उजेड टाकत म्हणाला, "मॅडम, बच्चियों को शांत रखिए."

माझी मैत्रीण उठून उभी राहिली. "भैया, ऊपर वाले भी चिल्ला रहे हैं. पहले उनको बोलिए, फिर हम भी चुप."

आवाज चढवला नव्हता तिने. ऑफिसात साहेबांना डिक्टेशन वाचून दाखवायची तसाच सरळ. गेटकीपरने वर पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, टॉर्च बंद केला आणि निघून गेला. मध्यंतरानंतर तर पुढच्या रांगेतले दोन रिक्षावाले आमच्याबरोबर टाळ्या वाजवायला लागले. कोणाची बाजू घ्यायची याच्याशी त्यांना बहुधा देणंघेणं नव्हतं. जिकडे जास्त गंमत तिकडे ते.

त्या दुपारी मीही टाळ्या वाजवल्या. आधी संकोचत, मग मोकळेपणाने. माझ्या शेजारची मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आंटी, इंडियन तो हम सब हैं न?" मी हो म्हटलं. तिला ते पटलं, पण मग तो नायक असं का बोलतो हे काही तिला उमगेना.

पण सिनेमा काही आमच्या टाळ्यांनी बदलणार नव्हता. शेवटी ठरल्याप्रमाणे वस्ती जळाली, म्हातारा मुखिया मेला, नायक सूर्यास्ताकडे गेला. आमची रांग शेवटची दहा मिनिटं गप्प होती. दिवे लागले तेव्हा सर्वात लहान मुलगी, पाचवीतली असेल, ओढणीने डोळे पुसत होती. माझ्या मैत्रिणीने तिला जवळ घेतलं.

"दीदी, वो लोग सब मर गए क्या?"

"सिनेमात मेले," ती म्हणाली. "खरेखुरे लोक आहेत अजून. त्यांची मुलं आहेत, नातवंडं आहेत. शाळेत जातात."

"हॉस्टल में रहते हैं?"

"काही राहत असतील."

मुलीने त्यावर जरा विचार केला आणि भूक लागल्याचं सांगितलं. आम्ही सगळ्यांना कोपऱ्यावरच्या गाडीवर भजी खाऊ घातली. वेण्या उडवत, मिशीवाला दुसऱ्यांदा कसा मेला त्याची नक्कल करत मुली वसतिगृहाकडे चालू लागल्या. मैत्रीण त्यांच्यामागे होती आणि रस्ता ओलांडताना मोजत होती, चौदा आहेत ना.

शुक्रवारी तो सिनेमा उतरला. ऑफिसात एक सहकारी तिला तिच्या पाठीमागे 'बस्तरवाली' म्हणायचा. त्या दिवशी माझ्यासमोर म्हणाला, तेव्हा मी त्याला सांगितलं की तिचं नाव घ्या. तो म्हणाला, "अरे मॅडम, मजाक है." मी म्हटलं, "मला माहीत आहे. तरी नाव घ्या." माझ्यासमोर त्याने पुन्हा तो शब्द काढला नाही. माझ्यामागे काय म्हणत असेल ते मला माहीत नाही.

चार वर्षांनी ती बढतीवर कांकेरला गेली. निरोपाच्या दिवशी तिने आपल्या टेबलाचा खण रिकामा केला आणि माझ्या हातात तेंदूच्या पानात बांधलेली चिंच ठेवली, गावाकडची. म्हणाली, "वरणात घाला, ताई. मले आवडते." शेवटचं वाक्य तिने मराठीत म्हटलं, आणि आम्ही दोघी एकदमच हसलो.