उतरायचा आणा

निजामाच्या काळात कळमनुरीच्या बाजारी एक उडीवाला यायचा. विहिरीवर बांधलेल्या उंच शिडीवर चढायचा, अंगावरचं घासलेटात भिजवलेलं गोणपाट पेटवायचा अन् पाण्यात उडी घ्यायचा. मात्र खाली बायको फिरवत असलेली थाळी भरेपर्यंत वर नुसता पाय बदलत राहायचा. विचारलं तर म्हणायचा, "वाचल्यावर कोन पैसे देतंय?"

एकदा लोक खवळले. "काहून थांबून राहिला? मार की!"

तेवढ्यात एका धनगर म्हातारीनं थाळीत आणा टाकला अन् वर पाहून ओरडली, "लेकरा, हे घे, पन खाली उतर!"

त्याचे पाय थांबले.

"माय, तुझा आणा परत घे. आज उतरलो तर उद्या पाय वर चढायचे न्हाईत."

अन् त्यानं काडी ओढली. थाळी अजून अर्धीही भरली नव्हती.