दीदीचा डबा

मी आठवीत शाळा सोडलेला. नेपाळमधल्या एका शाळेत बाकं दुरुस्त करायला सेवेसाठी गेलो, तेव्हा एकच धास्ती होती, मास्तर लोकांच्या पंगतीत बसायचं कसं? स्वयंपाकाच्या दीदीनं ते ओळखलं. पहिल्या दिवसापासून ती माझं जेवण डब्यात घालून कामावर आणून द्यायची.

तीन महिन्यांनी निघायची वेळ आली. डबा परत द्यायचा होता, आणि आमच्याकडं कुणाचा डबा रिकामा देत नाहीत. पिशवीत आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी मूठभर उरली होती. तीच घातली. एवढीशी बघून दीदी हसंल, याचीच काळजी.

दीदीनं चिमूटभर तोंडात टाकली आणि तिला ठसका लागला. "भैया, मारोगे क्या?" म्हणत ती आत पळाली. मी ओशाळून गाडीत बसलो. गाडी सुटता सुटता ती धावत आली आणि खिडकीतून तोच डबा माझ्या मांडीवर ठेवला. आत गरम सेलरोट्या होत्या, तिकडं तांदळाच्या पिठाच्या तळतात त्या गोड कड्या. "हम भी खाली नहीं लौटाते," ती म्हणाली.

संभाजीनगरला घरी आल्यावर आईनं डबा घासून फळीवर ठेवला.

"आता ह्यात काय भरून देशील रं?"

"आई, लई लांब हाय ते."

"असू दे. डबा तिचा हाय. जावंच लागंल."