दहा चढवले, दहा उतरवले

चाळिसाला घेतलेली वस्तू पन्नासाला विकली, तर नफा शेकडा किती, सांगा बरं? वीस म्हणालात तर आमच्याच पंगतीतले तुम्ही. नफा खरेदीवर मोजायचा, म्हणजे पंचवीस. आमच्या बोरी अरब गावात आम्ही बायकांनी मिळून सहकारी दुकान काढलं आणि तेव्हापासून असे किस्से साचतच गेले.

*

नियम एकच होता, खरेदीवर शेकडा दहा चढवायचे. पहिली लुगडी आली तेव्हा आमच्या अध्यक्ष अक्का म्हणाल्या, "शेकडा म्हणजे शंभर. लुगडे तर तीसच हायेत. शंभर होऊ द्या, मंग चढवू."

लुगडी आणली त्याच भावात गेली.

*

तांड्यावरची जमलीबाई भाव विचारायची नाही, खरेदी विचारायची. एकदा ऐकून म्हणाली, "अन् दारव्ह्याच्या बाजारातून माल आनताना बैलानं काय खाल्लं? ते नाही धरलं? बुडान तुम्ही."

तिच्या आजोबांनी जन्मभर बैलांवर माल वाहिला होता. आम्ही हसलो.

*

मग ती दिवाळी आली. विक्रीला सखूबाई बसायची. तिच्या वस्तीनं नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, आणि तिला गल्ल्यावर बसवायला काही जणींचा पहिल्यापासून विरोध होता. गल्ल्याची किल्ली अक्कांच्या कमरेला असे.

अक्कांनी ठरवलं, सभासदांना ब्लँकेटं खरेदीच्या भावात द्यायची. सखूबाईला एवढंच सांगितलं, "दहा चढवले होते, दहा उतरवा." विसाची पन्नास ब्लँकेटं संपली. गल्ल्यात हजार हवे होते, दहा रुपये कमी निघाले.

संध्याकाळी बैठक भरली. एक जण म्हणाली, "म्या म्हनलंच होतं."

सखूबाईनं सगळ्यांसमोर पदराची गाठ सोडली. आत सुपारीचं एक खांड होतं. "अजून काय पाहता?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. विचारलं, "सखूबाई, एका ब्लँकेटचे किती घेतले?"

"एकोणीस रुपये ऐंशी पैसे. चिठ्ठीवर बावीस होते. त्यातले शेकडा दहा उतरवले."

"वीस काहून नाही घेतले?" कोणीतरी ओरडलं.

"वीस कोनं सांगतलं मले? दहा उतरव म्हनलं."

मी पाटीवर मांडून दाखवलं. चढवताना शेकडा दहा विसावर, दोन रुपये. उतरवताना शेकडा दहा बाविसावर, दोन रुपये वीस पैसे. एकामागे वीस पैसे जास्त उतरले, पन्नास ब्लँकेटांचे बरोबर दहा रुपये.

अक्का पाटीकडे बघत राहिल्या. "उतरवा म्हनून म्याच सांगतलं," एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का सगळ्यांच्या आधी दुकानात आल्या आणि गल्ल्याची किल्ली त्यांनी आपल्या हातानं सखूबाईच्या पदराला बांधली.